दुसऱ्याच्या नळीवर

गणपती गेले, की पनवेलचं ऊन एकदम अंगावर धावून येतं. पावसाळाभर ओल धरून बसलेल्या भिंती वाफ सोडायला लागतात, गाद्या गच्चीवर चढतात, आणि पितृपक्ष लागल्याचं बाजारात कोणी न सांगता कळतं. कापडवाले माश्या मारत बसतात. सोनार आपला पेपर वाचून संपवतात आणि शेजारच्याचा मागवतात. भाजीवाल्यांपुढे मात्र उभं राहायला जागा नसते. गवार, कारली, लाल भोपळा, अळूची पानं यांवर बायका तुटून पडलेल्या असतात. अकराच्या सुमाराला आमच्या सोसायटीचा जिना चढताना वडे तळल्याचा वास येतो, आणि कुठल्या मजल्यावरून येतो त्यावरून आज कोणाचे वडील, कोणाची सासू, हे आम्ही शेजारणी ओळखतो.

मला हा पंधरवडा आवडायचा. उद्घाटनं नाहीत, ढोल नाहीत, माणसं पंधरा दिवस जरा हळू बोलतात. शाळेत शिकवत होते तेव्हा सहामाहीचे पेपर काढायला हाच निवांत काळ असे. यंदा मात्र पहिल्याच दिवशी वड्यांचा वास आला आणि माझं डोकं तापलं. वास बिचारा काय करणार? त्याने मला गेल्या वर्षीचा पितृपक्ष आणून दिला, एवढंच. तो अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

गेल्या वर्षी येसूआत्याचा निरोप आला होता. येसूआत्या ही माझ्या वडिलांची चुलतबहीण. ऐंशी कधीच ओलांडलेली, कमरेत वाकलेली, जासईच्या पुढे खाडीकाठच्या आमच्या मूळ गावात मुलाकडे राहते. मी गेले. आता तो रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना कंटेनरच्या चळती आणि मध्ये ट्रेलरची न हलणारी रांग. लहानपणी जिथे मिठागरांच्या पांढऱ्या राशी दिसायच्या, तिथे लाल-निळे पत्र्याचे डबे दिसतात. आत्या ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं नाही.

"गावात दगड लावतान गो," ती म्हणाली. "लढाईला गेले त्यांची नावा कोरनार हायेत. माज्या बापसाचा नाव त्याच्यात पायजे."

आत्याचे वडील हिरू. माझे आजोबा धर्मा. हिरू थोरले, धर्मा धाकटे. दुसऱ्या महायुद्धात हिरू बोटीवर गेले आणि परत आले नाहीत. आत्या तेव्हा पाळण्यात होती. वडिलांचा चेहरा तिला माहीत नाही, फोटो कधी काढलेला नाही, ते गेल्याची तिथी कोणाला ठाऊक नाही. म्हणून त्यांचं पान दर वर्षी सर्वपित्री अमावस्येला वाढतात, ज्यांची तिथी कळलेली नाही अशा सगळ्यांच्या घोळक्यात. आत्याला हे आयुष्यभर लागून राहिलेलं आहे. माझा बाप काय बेवारशी होता, असं ती दर अमावस्येला पान वाढताना पुटपुटायची. आता दगडावर एक ओळ मिळणार होती, तिच्या बापाची स्वतःची, कोणाबरोबर वाटून न घेतलेली. मी तिला शब्द दिला. मास्तरणीला शब्द द्यायची फार घाई असते.

ग्रामपंचायतीत गेले तर ग्रामसेवक तरुण, हसतमुख, अगदी सभ्य. "मॅडम, नाव टाकायला काहीच प्रॉब्लेम नाही," तो म्हणाला. "फक्त एखादं डॉक्युमेंट लागेल. सर्व्हिस रेकॉर्ड, डेथचं इंटिमेशन, काहीही चालेल. उद्या कोणी ऑब्जेक्शन घेतलं तर?"

"ज्याला समुद्राने गिळलं त्याचं डॉक्युमेंट?"

"बघा ना, मिळेल कुठेतरी. दसऱ्याला अनावरण आहे. पितृपक्षात काही कोरणार नाहीत, घटस्थापनेला काम सुरू. अमावस्येला मी लिस्ट पाथरवटाकडे पाठवतो. तोपर्यंत आणा."

टेबलावर दगडाचं चित्र होतं. सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, दगड देणाऱ्या कंटेनर यार्डच्या मालकाचं नाव. त्याच्याकडे कोणी कागद मागितलेला नसावा.

इथे आता नळी म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. खलाशाला नोकरीचा एक दाखला मिळायचा. त्यावर नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, अंगठा, आणि प्रत्येक सफरीनंतर कप्तानाचा शेरा. खाऱ्या हवेत कागद टिकावा म्हणून तो गुंडाळून पत्र्याच्या नळीत ठेवत, आणि मग लोक त्या दाखल्यालाच नळी म्हणायला लागले. नळी असली तर बोट मिळायची, नसली तर गोदीच्या फाटकाबाहेर बसून राहायचं. आमच्या लोकांच्या लेखी नळी माणसाची नसे, घराची असे. जाळं घराचं, होडी घराची, तशी नळीही घराची. एक भाऊ तापाने पडला तर दुसरा त्याची नळी घ्यायचा आणि त्याच्या नावाने बोटीवर चढायचा. माणसं गोळा करून नेणारा सारंग ओळखीचाच. तो डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचा. यात कोणाला काही खोटं वाटत नसे. घरातला कोणीतरी कामावर गेला म्हणजे झालं.

माझे आजोबा धर्मा दोन सफरी करून आलेले होते, इंजिनाच्या भट्टीत कोळसा ओढणारे आगवाले. तिसरी सफर ठरली आणि त्यांच्या मांडीला हे एवढं गळू झालं. पाय टेकवेना. हिरू म्हणाले, आण तुझी नळी. माझ्या आजीच्या तोंडून मी हे इतक्या वेळा ऐकलंय, की ते नळी कमरेला खोचून खाडीच्या वाटेने जाताना मला दिसतात. धर्मा म्हणून गेले. घरात सगळ्यांना माहीत होतं. बोट बुडाल्याची कुणकुण वर्षभराने लागली, पुढे कोणी काही सांगितलं नाही, कुठलाच कागद आला नाही, असंच आम्हाला तोवर वाटत होतं.

तर मी कागद शोधायला निघाले, आणि त्यात शहाणपणा असा केला, की पितृपक्षात कोणी नवा अर्ज देत नाही म्हणजे कचेऱ्या मोकळ्या सापडतील, असं ठरवलं. कचेऱ्या मोकळ्या होत्या. टेबलांमागेही कोणी नव्हतं! पनवेलच्या कचेरीत पहिल्या दिवशी साहेब नाहीत, त्यांच्या वडिलांची तिथी. दुसऱ्या दिवशी साहेब आले तर ज्यांच्याकडे किल्ली ते हेडक्लार्क नाहीत, त्यांच्या आजोबांची तिथी. मग नवमीला अर्धी कचेरी रिकामी. एका क्लार्कने मला बाकावर बसलेली पाहिलं, डबा उघडला आणि वडा पुढे केला. "घ्या मॅडम, आमच्या पप्पांचं आहे." मी घेतला. चांगला झाला होता. खाता खाता माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं, आणि तो समजला मिरची लागली. ज्यांना आपल्या बापाची तिथी माहीत आहे ते सगळे रजेवर, आणि ज्याच्या बापाची तिथीच कोणी लिहून ठेवली नाही त्याने बाकावर बसायचं.

माजी सैनिकांचं काम बघणारी एक कचेरी आहे, तिथे गेले. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खलाशी म्हणजे सैनिक नव्हे. व्यापारी बोट ती. त्यांनी शस्त्र कुठे धरलं?"

"बोटीत काय भरलं होतं, साहेब? लढाईचंच सामान ना?"

"असेल. पण माणूस सिव्हिलियन."

"टॉर्पेडो मारणाऱ्याने आधी विचारलं होतं का, की बाबांनो, तुमच्यात सिव्हिलियन कोण कोण ते बाजूला उभे राहा?"

ते हसले. त्यांना मी विनोद केला असं वाटलं. मी चाळीस मुलांच्या वर्गाला नुसत्या नजरेने गप्प बसवणारी बाई, पण त्या दिवशी एका माणसाचं हसू मला थांबवता आलं नाही.

शेवटी मुंबईचा पत्ता लागला. बंदराच्या बाजूला एका जुन्या इमारतीत खलाशांची दफ्तरं ठेवलेली आहेत, असं कोणीतरी सांगितलं. मी समुद्रावरच्या नव्या पुलावरून बसने गेले. खिडकीतून पाणी दिसत होतं, सपाट, मातकट, ओहोटीचं. शेजारी बसलेला मुलगा मोबाइलवर पुलाचे फोटो काढत होता आणि त्यात काच येते म्हणून कुरकुरत होता. मला सारखं वाटत होतं, की याच पाण्यावरून ते गेले असणार, आणि आम्ही वीस मिनिटांत ओलांडतोय.

दफ्तरखान्यात कोंदट गारवा होता. तिथे एक म्हातारे गृहस्थ होते, दाढीवाले, रत्नागिरीकडचे, तीन पिढ्या खलाशांच्या घरातले. "सबूर ठेवा बाई," म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली. आमच्या गावाचं नाव विचारलं, बाड काढलं, पानं उलटली. हिरू सापडेनात. दुसरं बाड काढलं. नाहीत. मग त्यांनी चष्मा काढून मला सरळ विचारलं, "गेले कोणाच्या नळीवर?"

इतक्या कचेऱ्या झाल्या, हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस भेटला होता.

"भावाच्या," मी म्हटलं. "धर्मा."

"मग असं आधी सांगा की. अहो, या खोलीत जे मेलेले म्हणून लिहिलेत, त्यांतले कितीतरी आपापल्या घरी म्हातारे होऊन गेलेत. आणि जे खरंच बुडाले त्यांचं नाव नाही."

धर्मा पाच मिनिटांत सापडले. गाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, उंची, डाव्या भुवईवर व्रण. तो व्रण मी पाहिलेला आहे, लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून बोट फिरवलेलं आहे. पुढे शेरा: आगवाला, बेपत्ता, बुडाल्याचं गृहीत. तारीख होती, पण ती बोट बुडाल्याची नव्हे, कंपनीने फाइल बंद केली त्या दिवसाची. माणूस कधी मेला ते लिहायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, फाइल कधी मेली ते मात्र शाईने लिहिलेलं. माझा संताप झाला, तरी हातात काहीतरी लागलं होतं. मी मोबाइलने फोटो काढला आणि उठणार, तेवढ्यात त्यांनी पान उलटलं. मागे एक पिवळी पावती टाचलेली होती.

ती पोच होती. धर्माच्या मृत्यूची खबर गावच्या पाटलामार्फत जवळच्या नातेवाइकाला दिल्याची पोच. आईबाप आधीच गेलेले, दाखला काढला तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे धर्माच्या दाखल्यावर नातेवाईक म्हणून थोरल्या भावाचं नाव होतं. खबर मिळाली: हिरू, थोरला भाऊ. शेजारी डाव्या हाताचा अंगठा.

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि मी त्या पावतीचाही फोटो काढून घेतला. हिरू तर समुद्राच्या तळाशी होते. घरात होते धर्मा. पाटील खबर घेऊन आला असेल की तुमचा भाऊ धर्मा बुडाला, आणि दारात धर्माच उभे. मीच धर्मा म्हणावं तर आपल्या नळीवर दुसरा माणूस पाठवल्याचा गुन्हा. म्हणून ते म्हणाले असणार, मी हिरू. आणि अंगठा दिला. पाटलाला ठाऊक नसेल असं कसं म्हणावं, पण तोही गावचाच. अख्ख्या सरकारी दफ्तरात आत्याच्या वडिलांचं नाव एकदाच आलं होतं, आणि ते त्यांच्या स्वतःच्या मरणाची खबर घेणारा जिवंत माणूस म्हणून.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघितलं नाही. आजोबांचा मला राग आला, असा राग मला कधी कोणाचा आला नव्हता. हेच आजोबा मला खांद्यावर घेऊन खाडीवर न्यायचे, चिंबोरीला नांगीजवळ कसं धरायचं ते त्यांनी शिकवलं. ते पुन्हा कधी बोटीवर चढले नाहीत. भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्येसुद्धा नाही. मुंबईला जायचं तर वळसा घालून जायचे, आणि आम्ही पोरं त्यांना भित्रे म्हणून हसायचो. त्यांना खबर मिळालेली होती. बोट बुडाली, माणूस गेला, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि ते त्यांनी घरात सांगितलं नाही.

कारण घरात मोठीआजी होती. मोठीआजी म्हणजे हिरूंची बायको, येसूआत्याची आई. मी तिला पाहिली ती अगदी शेवटची काही वर्षं. कपाळ मोकळं, पण कपाळाच्या मधोमध कुंकवाने झिजून पडलेला फिकट डाग तसाच. ती किती वर्षं कुंकू लावत राहिली याचा घरात कोणी नीट पत्ता देत नाही. आत्याच्या लग्नात तर मोठाच पेच झाला होता म्हणे. मुलीच्या हळदीला आईने पुढे व्हायचं की मागे राहायचं, कोणालाच सांगता येईना. सवाष्णींनी तिला बोलावलं नाही, आणि विधवांच्यात ती बसली नाही. मांडवाच्या बाहेर, पाण्याच्या पिंपाजवळ उभी राहून तिने स्वतःच्या एकुलत्या एका पोरीची हळद बघितली. आणि तेव्हा आजोबा मांडवात मामाच्या बाजूला बसलेले असणार, सगळं माहीत असलेले.

माझ्या मनात त्यांच्या बाजूने वकिली सुरू झाली होती, ती मी मोडून काढली. घाबरला असेल, तुरुंगाची भीती असेल, भाऊ आपल्या जागी मेला हे तोंडाने सांगवलं नसेल. सगळं खरं. तरी त्या बाईला चुलीजवळ बसवून चार शब्द सांगता आले असते. त्याला कुठला कागद लागत होता?

चतुर्दशीला मी दोन्ही कागदांच्या प्रती घेऊन ग्रामसेवकासमोर बसले आणि सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकलं, हे मी मान्य करते. मग पेनने दोन्ही नावांखाली रेघ ओढली.

"मॅडम, यात धर्मा यांची डेथ आहे. आणि हिरू हे त्यानंतर हयात आहेत. त्यांचा अंगठाच आहे ना इथे. म्हणजे हे डॉक्युमेंट तुमच्या अगेन्स्ट जातंय."

"माझे वडील त्या धर्माचेच. त्यांचा जन्म या तारखेनंतरचा आहे. मेलेल्या माणसाला मुलगा झाला का?"

"मी तुमच्यावर अविश्वास नाही दाखवत. पण मी हे लिहू कसं? एक करू या का? धर्मा टाकू या. पेपर क्लिअर आहे, फॅमिली एकच आहे. आत्याबाईंचे काकाच ना ते?"

मी उठले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. धर्मा अंथरुणात, आपल्या माणसांत, माझ्या डोळ्यांदेखत गेले. त्यांचं नाव दगडावर घालून जो खरंच बुडाला त्याला दुसऱ्यांदा बुडवता का, असं काहीतरी मी ओरडले. यार्डवाल्याचं नाव काढलं. असलं खोटं नाव आमच्या घराला नको, असं सांगितलं. बाहेरच्या बाकावरची माणसं दारात येऊन बघायला लागली. तो पोरगा शेवटपर्यंत "मॅडम, पाणी घ्या" म्हणत होता. पायऱ्या उतरताना मला फार बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी खऱ्याच्या बाजूने बोललं, असं वाटत होतं.

तिथून तशीच आत्याकडे गेले. तिला पोच दाखवली, वाचून दाखवली, अंगठा दाखवला. ती म्हणाली, "काकाला ठावा होता."

"हो आत्या."

"माजी आय दर सनाला नवी चोली शिवायची. तो येल म्हनून." तिने अंगठ्यावर आपलं बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. "मी काकाचे पाय चेपलेन गो. मरताना मीच पानी पाजला त्याला. तवा तरी बोलायचा."

मग मी तिला ग्रामपंचायतीतली हकिगत सांगितली. जरा फुशारकीनेच सांगितली, खोटं कसं बोलायचं. ते धर्मा घालत होते, मी साफ नाही म्हणून आले, वगैरे. आत्याने मान वर केली. कमरेत वाकलेली असल्यामुळे तिला वर बघायला कष्ट पडतात, पण तिने बघितलं.

"तुना कोनी सांगितला नको म्हनायला?"

"अगं पण धर्मा..."

"बोटीव त्याला काय म्हनत असतील? धर्माच ना? बुडताना कोनी हाक मारली असंल तं धर्मा म्हनूनच मारली असंल. मरताना त्याचा तोच नाव व्हता. काकाला तो नाव पुरला नाय, माज्या बापसाचा पन घेतला, ऱ्हाऊ दे. पन माज्या बापसानी ते नावाव जीव दिला. ते नावाव माजा हक्क हाय. तू कोन नको म्हननारी?"

पंधरा दिवस मी जगावर रागावून हिंडले, आणि जिच्यासाठी हिंडले तिला एकदाही विचारलं नव्हतं, की बाई, तुला काय हवं.

दुसऱ्या दिवशी, अमावस्येला, ग्रामपंचायत उघडायच्या आधी मी दारात होते. ग्रामसेवक आला, मला बघून थोडा बिचकला. मी माफी मागितली आणि म्हटलं, धर्मा घाला. त्याचा चेहरा पडला. त्याने रात्रीच मोबाइलवर यादी पाथरवटाला पाठवून दिली होती. फोन लावला. पाथरवटाने ओळी आखून घेतल्या होत्या, एक नाव वाढवायचं तर सगळ्या ओळी खोडून पुन्हा आखायच्या, आणि दसऱ्यापर्यंत ते व्हायचं नाही. शिवाय यादीवर सह्या झालेल्या. "काल तुम्ही हो म्हणाला असता ना मॅडम," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच मला जास्त लागलं.

आत्याला मी हे सांगितलं नाही. सांगणार होते. तिच्या सुनेने, निर्मलाने, फोनवर विचारलं, काम झालं का, आणि मी म्हटलं, बघतायत. मग दसरा आला.

अनावरणाला मांडव होता, हार होते, यार्डवाल्याचं भाषण होतं. गर्दी ओसरल्यावर आत्या माझा हात धरून दगडाजवळ गेली. तिला अक्षरओळख नाही. ताठ उभं राहता येत नाही, त्यामुळे तिचा हात पोचत होता तो खालच्या तीन-चार ओळींपर्यंतच. "माजा बापूस खंय हाय यात?" तिने विचारलं. मी तिचं बोट धरलं आणि खालून तिसऱ्या ओळीवर ठेवलं. तिथे गणपत नावाच्या कोणा सैनिकाचं नाव आहे. त्याचं घर कधीच गाव सोडून गेलेलं, गावात कोणी उरलेलं नाही, म्हणून मी ते निवडलं. एवढा विचार मी त्या क्षणात केला, यावर माझा मलाच विश्वास बसत नाही. आत्याने ती ओळ सावकाश चाचपली, शेवटपर्यंत. सोन्याची दोन पानं तिथे ठेवली. घरी येऊन मी अंघोळ केली, जेवले नाही, आणि सगळ्या जगाला शिव्या देत बसले, म्हणजे नेमकं काय करायचं नव्हतं ते पुन्हा केलं.

वर्षभरात मी तीन अर्ज दिले आहेत, दगडावर एक ओळ वाढवून मिळावी म्हणून. एका अर्जाला उत्तर आलं, की तशी तरतूद नाही. ग्रामसेवकाची बदली झाली. नव्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, नळी म्हणजे काय इथपासून. त्याने विचारलं, "याला काही डॉक्युमेंट?"

यंदाच्या सर्वपित्रीला आत्याने हट्ट धरला, की बापाचं पान घरी नको, दगडापाशी वाढायचं. निर्मलाने वडे, खीर, भाजी केळीच्या पानावर बांधून घेतली. मीही गेले. ऊन टळटळीत होतं, ट्रेलरची धूळ दगडावर बसली होती. आत्याने पदराने खालच्या ओळी पुसल्या, मला न विचारता खालून तिसरी ओळ बोटाने शोधून काढली, आणि बोट तिथेच ठेवून निर्मलाला म्हणाली, हा बघ माझा बाप, पान इथे ठेव.

निर्मला वाकली. तिने डोळ्यांवर चष्मा चढवला, ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मग सासूकडे.

"आई, पन इथं तं गनपत लिवलाय."

मी तोंड उघडलं. काय सांगायचं ते वर्षभर मनात घोळवलेलं होतं. आत्याने बोट उचललं नाही.

"असंल," ती म्हणाली. "माजा बापूस कवा आपल्या नावानी गेला व्हता?"